पारंपरिक मिलोंगा म्हणायचं तर नेमकं काय काय लागतं?

पराटी (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी.

आर्वी तालुक्यातल्या एका गावी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. पुण्यात शिकत असताना अर्जेंटाइन टँगोचा नाद लागला. लग्न होऊन इकडे आले तर नादही सोबत आला. आधी नवऱ्याला शिकवलं, मग गावातले डॉक्टर आणि त्यांची बायको, मग माझ्या दोन्ही नणंदा, असं करत आता सात-आठ जोड्या होतात. लग्नसराई संपली की मामेसासऱ्यांचं मंगल कार्यालय रिकामंच असतं. शनिवारी संध्याकाळी तिथल्या सतरंज्या गुंडाळतो, शहाबादीवर कॅरमची पावडर भुरभुरतो आणि नाचतो. सुरुवातीला गावात कुजबुज झाली, मास्तरीण बाई गळ्यात पडून नाचायला शिकवते वगैरे. मग सासूबाई स्वतः खुर्ची टाकून बसायला लागल्या आणि ती बंद झाली.

तर प्रश्न असा. दिवाळीनंतर वर्धा, अमरावती, यवतमाळकडच्या लोकांना बोलावून जरा मोठं करायचं आहे. बोर्डावर ‘पारंपरिक मिलोंगा’ लिहायचं ठरलं होतं. (मिलोंगा म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात ती जागा आणि तो कार्यक्रम.) तेवढ्यात एक पाहुणे येऊन गेले, मोठ्या शहरात शिकलेले. तासभर बसून पाहिलं आणि म्हणाले, हा मिलोंगा नाहीच, फार तर प्रॅक्टिस म्हणा.

त्यांचं म्हणणं, आम्ही पियाझोला (नव्या वळणाचा टँगो रचणारा संगीतकार) लावतो, वर पॅरिसकडचा इलेक्ट्रॉनिक टँगोही लावतो. गाणी एकामागे एक चालूच, मधे खंड नाही. कोणाला बोलवायचं तर जाऊन सरळ हात पुढे करतो. पुरुष कमी पडतात म्हणून धाकटी नणंद पुरुषाच्या जागी उभी राहून मोठीला नाचवते. मधेच टँगो थांबवून ढोलकीवर दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाचाची, एक फेरी होते, कारण डॉक्टरांना त्याशिवाय करमत नाही. आणि शेवटी, साडीत टँगो होत नाही.

साडीचं मी कानाआड केलं. बाकीच्यात खरं किती आणि शिष्टपणा किती, ते जाणकारांनी सांगावं. गुलाब दातात धरायचा नसतो एवढं मला ठाऊक आहे.

तर्रीपोहे (नागपूर)

पाहुण्यांचा सूर खटकला असेल, पण मुद्दे बरोबर आहेत. पारंपरिक म्हटलं की साधारण १९३५ ते १९५५ या काळातले ऑर्केस्ट्रा आले. दारिएन्झो, दि सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे, कालो, तान्तुरी. त्यांचे तांदे म्हणजे गाण्यांचे गट, दोन तांद्यांच्या मधे कोर्तिना म्हणजे खंड, नजरेनं बोलावणं म्हणजे काबेसेओ, आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणारी जोड्यांची रांग म्हणजे रोंदा. पियाझोला थोर माणूस, पण त्याचं संगीत खुर्चीत बसून ऐकायचं. जुना टँगो गायक गार्देलसुद्धा मिलोंगात लावत नाहीत, तो तर तिकडे देवासारखा.

‘टँगो संध्या’ लिहिलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. ‘पारंपरिक’ लिहिता तर तेवढं पाळा.

कोरडवाहू (दारव्हा)

राजेहो, अर्जेंटिना कुठं अन् आर्वी कुठं! तिकडच्या लोकायनं उद्या दंडार केली तर ते आपल्याले इचारतीन काय, बावा हे बरोबर आहे का म्हणून? सोयाबीनले भाव नाही, कपाशीवर बोंडअळी, आता नाचाले बी नियम लावून राहिले तुमी. नाचा ना मस्त. बोर्डावर काय लिहायचं ते बोर्ड रंगवणाऱ्याले इचारा.

संत्राबाग (वरूड)

कोरडवाहू भाऊ, भावाचं दुखणं माझंही आहे, पण ताईंचा प्रश्न रास्त आहे. लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी माझं सांगतो, म्हणजे ऐकायचं की नाही ते ठरवता येईल. माझी नोकरी खाद्यतेलाच्या धंद्यात गेली. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या सोयाबीन तेलातलं पुष्कळसं अर्जेंटिनाचं, आणि तिथल्या मोठ्या गिरण्या रोसारिओच्या आजूबाजूला पाराना नदीच्या काठाला. जहाजात तेल चढायच्या आधी टाकीतून नमुने काढायचे, तपासायचे आणि सही करायची, हे माझं काम. जहाज लांबलं की माणूस रिकामा. रोसारिओतल्या क्लबांत मिलोंगा व्हायचे, आणि ब्युनोस आयर्स तिथून तीनशे किलोमीटर, बसनं चारेक तास. तिथे बसून बसून शिकलो. आता इकडे आंबिया बहाराची गळ मोजत असतो.

तर्रीपोहेंनी यादी बरोबर दिली, पण यादी वाचून वाटतं की हे सुटे सुटे नियम आहेत, चार पाळले, दोन सोडले तरी चालेल. तसं ते नाही. एक काढला की दुसरा लंगडतो.

तांदा म्हणजे एकाच ऑर्केस्ट्राची, एकाच काळातली गाणी. टँगोची बहुधा चार, वाल्सची (टँगोतला वॉल्ट्झ) आणि मिलोंगाची तीन. (मिलोंगा हे जागेचंही नाव आहे आणि एका जलद तालाचंही, त्यात गोंधळू नका.) एक गाणं अडीच-तीन मिनिटांचं, म्हणजे टँगोचा तांदा बारा मिनिटांच्या आसपास. ज्याच्यासोबत उभं राहिलात त्याच्यासोबत तो पुरा करायचा. मधेच ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणून सुटणं हा तिकडे अपमान. धरून ठेवायचं तर आधी निवडता आलं पाहिजे, म्हणून पहिल्या गाण्याचे सूर निघाले की लोक कान टवकारतात. दि सार्ली लागला, संथ, लांब पावलांचा, तर एक माणूस आठवतो. दारिएन्झो लागला, टकाटक ठेक्याचा, तर दुसराच. तांद्यात चार तऱ्हेची गाणी कोंबली तर निवडीला अर्थच उरत नाही.

आता कोर्तिना. तांदा संपला की अर्धा-एक मिनिट भलतंच काहीतरी वाजतं, ज्यावर कोणी टँगो नाचूच शकणार नाही. जाझ, जुनं सिनेमाचं गाणं, काहीही. तेवढ्यात अख्खी फरशी रिकामी होते. अख्खी. पुरुष बाईला तिच्या जागेपर्यंत सोडतो आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसतो. तुमच्या सगळ्या भांडणात मला हा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. कारण फरशी रिकामी झाली की समोरच्या भिंतीपाशी बसलेला माणूस दिसतो. फरशीवर लोक गप्पा मारत उभे राहिले तर नजरेनं बोलावणं जमणारच नाही, आणि मग हात पुढे करत फिरावं लागतं. तुम्ही हात पुढे करता ते उद्धटपणा म्हणून नाही, तुमच्याकडे खंडच नाही म्हणून.

काबेसेओ जवळून कसा दिसतो ते सांगतो. समोरच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई, पायात उंच टाचांचे जुने काळे बूट, टेबलावर पाण्याची बाटली आणि घडीचा पंखा. गाणं सुरू झालं तशी त्यांची नजर सावकाश फिरत आली आणि माझ्यावर थांबली. मी हनुवटी जराशी दाराकडे झुकवली. त्यांनी पंखा मिटला. बस, एवढंच. पण त्या उठल्या नाहीत. मी कडेकडेनं जाऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो तेव्हा उठल्या, कारण त्यांच्या मागच्या टेबलावरच्या बाईलाही तोच इशारा आपल्यासाठी वाटू शकतो आणि मग दोघी उठून उभ्या. नकोच असेल तर नजर फिरवायची. कोणाला काही कळत नाही, कोणाचं तोंड पडत नाही.

रोंदेबद्दल थोडक्यात. पोळ्याला तोरणाखाली जोड्या लागतात तेव्हा कोणी आपली जोडी दुसऱ्याच्या पुढे घुसवत नाही, तसंच. समोरच्याला ओलांडायचं नाही, पाठीमागे पाऊल फेकायचं नाही, मधे थांबून शिकवत बसायचं नाही. शिकवायची जागा प्रॅक्टिका. तुमच्या पाहुण्यांनी ‘प्रॅक्टिस’ म्हटलं ते बहुधा यावरून. तुम्ही नाचता नाचता थांबून सांगता का, ‘डावा पाय, डावा’? सांगत असाल तर त्यांचं चुकलं नाही. व्हिडिओत दिसतात त्या हवेतल्या लाथा रंगमंचावरच्या. २००३ पासून ब्युनोस आयर्सला जागतिक स्पर्धा भरते, तिच्यातसुद्धा रंगमंचाचा टँगो वेगळा आणि फरशीवरचा वेगळा असे दोन गट आहेत.

आता ‘परंपरा’ किती जुनी? टँगो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्स आणि मोन्तेविदेओत, बोटीतून उतरलेले युरोपी मजूर आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या वस्त्यांत वाढला. पण मिलोंगात वाजतं ते त्या काळचं नाही. १९३५ च्या सुमारास दारिएन्झोनं ठेका असा काही आवळला की टँगो ऐकत बसलेली मंडळी पुन्हा उठून नाचायला लागली. १९३५ ते १९३८ त्याच्याकडे पियानोवर बियाजी होता, त्या रेकॉर्डी ऐका, कळेल. पुढची वीसेक वर्षं मोठे ऑर्केस्ट्रा क्लबांमधून समोर बसून वाजवत. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोनची सत्ता उलथली, रॉक आला, ऑर्केस्ट्रा पोसणं परवडेना, आणि हे सगळं ओसरलं. मग १९७६ ते १९८३ लष्करशाही. त्यानंतर पुन्हा उचल खाल्ली, ती १९८३ ला पॅरिसमध्ये आणि १९८५ ला ब्रॉडवेवर एक टँगोचा शो गाजला त्याचाही हातभार लागून. जुने नाचणारे हयात होते, त्यांनी नव्यांना दाखवलं. २००९ मध्ये युनेस्कोनं अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या नावावर टँगो वारसा म्हणून नोंदवला. म्हणजे १९४० च्या दशकातलं संगीत आणि त्याभोवती टिकलेली बसायची-उठायची रीत, याला पारंपरिक म्हणतात.

म्हणून पियाझोला आणि इलेक्ट्रॉनिक त्या दिवशी कपाटात ठेवा. वाईट म्हणून नाही. त्यावर लोक आपापल्या अंदाजानं थांबतात, धावतात, आणि रोंदा तुटते. एरवीच्या शनिवारी खुशाल लावा.

दंडारीवरून मात्र पाहुणे उताणे पडले. ब्युनोस आयर्सच्या अगदी कडक मिलोंगांत मध्यावर चाकारेरा वाजतो. तो उत्तरेकडच्या सान्तियागो देल एस्तेरोचा लोकनाच. दोन रांगा समोरासमोर, अंगाला अंग नाही, चुटक्या आणि टाळ्या. काही ठिकाणी रॉक अँड रोलचा नाही तर कुम्बियाचा तांदाही असतो. १९४० च्या दशकातही एकाच रात्री टँगोच्या ऑर्केस्ट्रासोबत जाझचा ऑर्केस्ट्रा असायचा. तेव्हा डॉक्टरसाहेबांची दंडार ठेवा, फक्त ती एक फेरी म्हणून आखून ठेवा, मनात आली की सुरू असं नको.

कपड्यांचं काही सांगत नाही. नऊवारी असो नाहीतर पाचवारी, निऱ्या जरा वर खोचल्या म्हणजे झालं. पावडर मात्र कमी करा ताई. वळताना टाच सटकली तर गुडघा जातो, आणि डॉक्टर तेव्हा नाचत असतील.

पराटी (आर्वी तालुका)

संत्राबाग काका, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. होय, आम्ही मधे थांबून शिकवतो. मीच शिकवते, मास्तरकीची खोड.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, नजर. पुण्यात ठीक होतं. इथे बाईनं परक्या पुरुषाकडे टक लावून पाहायचं, तेही सासूबाई समोर बसलेल्या असताना? त्यापेक्षा हात पुढे केलेला बरा, असं नणंदा म्हणतात. दुसरी, पुरुषांचा तुटवडा. धाकटी नणंद पुरुषाच्या जागी नाचते ते पारंपरिकमध्ये बसतं की नाही, ते तुम्ही शिताफीनं टाळलंत.

संत्राबाग (वरूड)

टाळलं नाही, बागेत पाणी सोडायची पाळी होती. रात्रीची वीज.

नजरेचं उलटं आहे, ताई. हात पुढे करून कोणी समोर उभा राहिला की नणंदेला सगळ्यांदेखत नाही म्हणावं लागतं. आपल्या गावात बाईला ते जमतं का? मग मन नसताना ती उठते आणि बारा मिनिटं आंबट तोंडानं नाचते. काबेसेओत बाईनं पाहिलंच नाही तर बोलावणंच होत नाही. पहिला हक्क तिचा. आणि टक लावायची नसते, दोन सेकंद पुरतात. सासूबाईंना हे असं समजावून सांगा, त्यांना तर पटेलच, त्या तुमच्या बाजूनं राखण करतील.

बसायची सोयही तुमच्याकडे आयती आहे. मंगल कार्यालयात बायका एका अंगाला आणि पुरुष एका अंगाला आपसूक बसतातच. जुन्या वळणाच्या मिलोंगांत अगदी हेच असतं, पुरुष एका भिंतीला, बायका समोर, आणि जोडीनं आलेले मागे. जोडीनं बसलेल्यांना सहसा कोणी बोलवत नाही, म्हणजे ज्यांना आपल्याच नवऱ्याबरोबर नाचायचं आहे त्यांनी मागे बसावं, कोणाला समजावत बसायला नको. खुर्च्या भिंतीला लावा, मधे टेबलं नकोत, ट्यूबलाइट सगळ्या चालू. ते फिरते रंगीत दिवे बंद. चेहरे दिसले नाहीत तर काही उपयोग नाही.

नणंदेचं खरं सांगायचं तर कडक मिलोंगांत बाईनं बाईला नाचवणं पुष्कळ काळ चालत नसे, आणि काही ठिकाणी अजून नाकं मुरडतात. पण जुन्या काळी पोरं पोरांबरोबर सराव करूनच फरशीवर यायची, त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. आता ब्युनोस आयर्सला ‘ला मार्शल’ सारखे मिलोंगा आहेत जिथे कोणीही कोणाला नाचवतं, आणि तिथंही तांदे, कोर्तिना, रोंदा सगळं तसंच. माझं मत विचाराल तर धाकटीला नाचवू द्या. ज्या बाईला उभं करायचं तिच्याकडे तिनंही नजरेनंच पाहावं, एवढी अट. यावर कोणी परंपरा काढली तर त्याला एक तांदा तिच्यासोबत नाचायला लावा.

तर्रीपोहे (नागपूर)

चाकारेराचं मान्य, मी विसरलो नव्हतो, पण दंडार आणि चाकारेरा एका मापात मोजायला मन धजत नाही. असो, यजमान तुम्ही. बाईनं बाईला नाचवण्यावर माझी हरकत नाही, आमच्या नागपुरातही निम्म्या वेळा तेच होतं.

संगीताचं मी पाहतो, लॅपटॉप घेऊन येतो. दोन तांदे टँगो, एक वाल्स, पुन्हा दोन टँगो, एक मिलोंगा, अशी एक फेरी होते सव्वा तासाच्या आत. अशा तीन फेऱ्या आणि दुसरीनंतर तुमची दंडार. वाल्सला एखादा तांदा कानारोच्या ऑर्केस्ट्राचा ठेवतो, नवख्यांना सोपा पडतो. पुग्लिएसे तिसऱ्या फेरीत, तोवर पाय मोकळे होतात. शेवट ‘ला कुम्पारसीता’नं. ते गाणं मोन्तेविदेओच्या पोराचं, मातोस रोद्रिगेसचं, आणि मिलोंगा त्यावरच संपतो. ती लागली म्हणजे शेवटचं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक आणखी एक लावा म्हणून बसतात. साउंड कुठला आहे? लग्नाचा डीजे असेल तर बास अर्ध्यावर आणायला सांगा. बांदोनिओनचा, म्हणजे टँगोतल्या भात्याच्या पेटीचा, आवाज मधल्या सुरांत असतो, बास वाढवला की नुसता ढोल ऐकू येतो.

कोरडवाहू (दारव्हा)

मी येऊन राहिलो. नाचत नाही, बसून पाहीन. पुरुषायच्या बाजूले बसलो तर कोणी नजर लावणार नाही ना?

संत्राबाग (वरूड)

भाऊ, छताकडे पाहत बसा, कोणी काही करत नाही.

ताई, एक राहिलं. जेवण नाच झाल्यावर ठेवा. गालाला गाल लागतो, त्यात कोणी लसणाचा ठेचा खाऊन आला की पुढची मंडळी त्याच्याकडे पाहायचं सोडून देतात. तिकडे लोक खिशात पेपरमिंट ठेवतात. इकडे बडीशेप चालेल.

पराटी (आर्वी तालुका)

ठरलं मग. बोर्डावर ‘पारंपरिक मिलोंगा’, खाली बारीक अक्षरात ‘मध्यंतरी दंडार’. डॉक्टर खूश आहेत, ढोलकीला नवी शाई लावून आणली. सासूबाईंना नजरेचं सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी हेच होतं, फक्त नाच नव्हता.

तर्रीपोहे दादा, साउंड लग्नाचाच आहे, त्या पोराला बासचं बोलते. जनरेटर आहे पण सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, लॅपटॉप चार्ज करून आणा. पाटवडी-रस्सा आणि भाकरी नाच झाल्यावर, ठेचा वेगळा. या शनिवारपासून कोर्तिना लावून पाहतो. कोर्तिनाला कुठलं गाणं लावू, ज्यावर आमच्याकडचे पोट्टे हमखास नाचणार नाहीत? असं एकही सुचत नाहीये.